तळ्यातलं तेरावं

दौलतला जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळी त्याची बायको रखमा चहाचे कप विसळायच्या निमित्ताने गॅलरीत आली आणि कठड्यावरून वाकून खाली तळ्याकडे बघत राहिली. मासे वर आले होते. शंभरेक तरी असतील. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, उघडी, आणि आवाज असा, की पन्नास माणसं एकदम बशीतून चहा भुरकताहेत. शेजारच्या खोलीतली गंगुबाई मागे येऊन उभी राहिली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"बघ गो रखमे, मुक्या जिवांनापण कळतं. अन्नदात्याची वाट बघतायत."

अन्नदाता हा शब्द ऐकून एरवी रखमाला हसू आलं असतं. चोवीस वर्षांत दौलतने त्या माशांना भाताचं एक शीत घातलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला घालू दिलं नव्हतं. मासे वाट बघत नव्हते, गुदमरत होते. तोंड वर काढून मिळेल तेवढी हवा पीत होते. हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. पण नवरा जाऊन नऊ दिवस झालेली बाई माशांची चिंता करते, हे बरं दिसलं नसतं. ती कप घेऊन आत गेली.

चाळ लालबाग आणि चिंचपोकळीच्या मधल्या गल्लीत, बंद गिरणीच्या पाठीला. तळं मूळ गिरणीचंच. इंजिनातून निघालेलं गरम पाणी निववायला ते दगडात बांधून काढलेलं. तीन बाजूंनी पायऱ्या, चौथ्या बाजूला गिरणीची भिंत. गिरणी बंद पडली, चिमणी पडली, भिंतीपलीकडे चाळीस मजल्यांची इमारत उभी राहिली. तळं तेवढं राहिलं, कारण ते नेमकं कुणाचं हे कुणाच्याच कागदात धड लिहिलेलं नव्हतं. दौलत बॉयलर खात्यात होता. कामगार म्हणून त्याच्या हाताला काही लागलं नाही, तेव्हा त्याने तळं हाताला घेतलं. तेही कुणी न सांगता.

चैत्र लागला की पाणी उतरायचं आणि दौलतचं काम वाढायचं. उजाडायच्या आत तो हाफ पँट चढवून छातीभर पाण्यात उतरायचा आणि लांब वाशाने तासभर पाणी बडवायचा. ह्याला तो पाण्यात वारा घालणं म्हणायचा. मग दाताळ्याने पानं ओढायची, पिशव्या काढायच्या, शेवाळ खरवडायचं. दुपारी पायरीवर बसून पहारा. कुणी साबण घेऊन आलं, भांडण. कुणी निर्माल्याची पिशवी आणली, भांडण. दीड दिवसाचा गणपती विसर्जनाला आणणाऱ्यांशी तर त्याने असं भांडण काढलं होतं, की दोन वर्षं चाळीत अर्धी माणसं त्याच्याशी बोलत नव्हती. चाळ कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र त्याचा जिवाभावाचा दोस्त, पण रविवारी माशांना पाव टाकायला आला म्हणून त्यालाही दौलतने चारचौघांत घालून पाडून बोलून परत पाठवलं होतं.

"पाण्याला पोट असतं," तो म्हणायचा. "माशांनी खाऊन उरलेलं पाणी खातं. जास्त घाला, त्याला अजीर्ण होतं. मग ते माशांची हवा खातं."

लोक हसायचे. पण अंगणातली विहीर त्याच तळ्याच्या झऱ्यावर होती, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांची धुणीभांडी त्या विहिरीवर निघायची, हे हसणारेही जाणून होते. मे महिन्यातसुद्धा बादलीत तळ दिसायचा.

आता चाळ पडायची होती, नवी इमारत व्हायची होती. नकाशात तळ्याच्या जागी गाड्यांचं पार्किंग काढलेलं. दौलतने अकरा वर्षं पालिकेत अर्ज केले. शेवटी पत्र आलं, की सोळा मेला पाण्याची तपासणी होईल. पाणी जिवंत असेल तर तळं नकाशात राहील, सांडपाण्याचा खड्डा असेल तर बुजवण्यात येईल. दौलतने ते पत्र आरशाच्या चौकटीत खोचलं. दाढी करताना रोज वाचायचा. दोन मेला सकाळी पाणी बडवून तो बाहेर आला, सातव्या पायरीवर बसला आणि वर बघून रखमाला चहा आण म्हणाला. ती कप घेऊन उतरली तेव्हा तो एका अंगावर कलंडला होता. पँटमधून पाणी ठिबकत होतं. चहा गरमच होता.

तेव्हापासून पाणी कुणी बडवलं नव्हतं.

रखमाने मुलाला, निलेशला, दोनदा सांगून बघितलं. निलेश कुरियरच्या गोडाऊनवर सुपरवायझर. बापाचं सगळं क्रियाकर्म त्याच्यावर आलेलं, पांढऱ्या लुंगीत तो आधीच कावलेला. तरी सातव्या दिवशी उतरला बिचारा. दहा मिनिटं वासा आपटला, खांदा धरून वर आला आणि म्हणाला, "आई, लोक बघतायत गं. सुतकात पाण्यात खेळतोय वाटतं." त्याची बायको सीमा आतून तेलाची वाटी घेऊन आली. तिने तळव्यावर तेल घेतलं आणि त्याच्या खांद्याला लावलं. रखमाने पुन्हा विषय काढला नाही. तेरावं झालं की आपण स्वतः उतरू, तपासणीआधी एक अख्खा दिवस मिळेल, पाणी सावरेल, असा तिने मनाशी हिशेब केला. बाईमाणसाने तेरा दिवस उंबरा ओलांडू नये, एवढंच काय ते आड येत होतं.

दहाव्याला पुरुष मंडळी बाणगंगेवर गेली. दुपारचा एक वाजला, दोन वाजले. परतली तेव्हा निलेशच्या मुंडण केलेल्या डोक्यावर उन्हाने लाल चट्टे उठले होते आणि तरी त्याच्या तोंडावर समाधान होतं. हितेंद्र तर दारातूनच सांगत आला.

पिंडाला कावळा शिवत नव्हता. आजूबाजूच्या सगळ्यांच्या पिंडांना शिवत होता, दौलतच्या पिंडाकडे कावळे बघायचे आणि मान वळवायचे. निलेशने हात जोडून सांगितलं, आईला नीट सांभाळीन. नाही. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, गावच्या घराची कौलं फिरवू. नाही. नव्या खोलीवर तुझ्या बायकोचंही नाव लावू. नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा हितेंद्र पुढे झाला.

"मी म्हटलं, दौलत, तुझ्या माशांची काळजी करू नकोस. ते उपाशी आहेत, आम्ही बघतोय. तुझ्या तेराव्याला अख्खी चाळ त्यांना पोटभर जेवू घालेल. हा माझा शब्द. वहिनी, शप्पथ सांगतो, तोंडातून शब्द निघाला आणि कावळा उतरला. एक नाही, तीन."

खोलीत सगळ्यांच्या अंगावर काटा आला. गंगुबाई मोठ्याने रडायला लागली. निलेश भिंतीला टेकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडला. बापाचा जीव कशात अडकला होता ते त्याला कळलं होतं, आणि तो सुटलाही होता.

रखमा कोपऱ्यात चटईवर बसून होती. आत्ता बोलायला हवं, असं तिला वाटलं. असं करू नका, त्यांनी जन्मभर हेच करू दिलं नाही, एवढंच वाक्य. पण ते म्हणजे कावळा खोटा म्हणण्यासारखं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मागे घे म्हणण्यासारखं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनातही आलं, की कुणी सांगावं, जाता जाता ह्यांचं मन निवळलं असेल. मरताना माणूस मऊ होतो म्हणतात. ती गप्प बसली.

नंतर एकदाच, संध्याकाळी हितेंद्र चहाला आला तेव्हा ती म्हणाली, की थोडं म्हणजे अगदी मूठभरच टाकावं, रीत म्हणून. हितेंद्रचे डोळे भरून आले. म्हणाला, "वहिनी, तुम्ही खर्चाची काळजी करू नका. हा चाळीचा मान आहे." तिने त्याच्यापुढे कप सरकवला.

तेराव्याला पहाटेपासून अंगणात चुली पेटल्या. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. माशांसाठी दोन मोठे टोप भात वेगळा शिजवला होता, वर तुपाची धार. चाळीतल्या प्रत्येक घरातून आणखी काही ना काही आलं. कणकेचे गोळे, पावाच्या लाद्या, फरसाण, कुणी उरलेल्या बुंदीचा डबा. ज्यांच्याशी दौलतचं गणपतीवरून भांडण झालं होतं, त्यांनी घमेलंभर वडे आणले. तेवढ्याने मन हलकं व्हायचं होतं त्यांचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे रखमाला दिसत होतं, आणि म्हणूनच तिला काही करता येत नव्हतं.

तिला दोन बायकांनी दंडाला धरून खाली नेलं. पाणी आठव्या पायरीपर्यंत उतरलेलं, हिरवं, जड. ऊन मी म्हणत होतं. माणसांची सावली पडली तसे मासे वर आले आणि तोंडं उघडून उभे राहिले. "आले, आले," पोरीबाळी ओरडल्या. हितेंद्रने तिच्या हातात भाताचं पातेलं दिलं. पहिली मूठ घरधनिणीची.

तिने मूठ भरली. भात गरम होता, बोटांना तूप लागलं. क्षणभर तिने हात तसाच धरला. शंभर माणसं तिच्याकडे बघत होती, सगळ्यांचे डोळे ओले. मग तिने मूठ पाण्यावर सोडली.

त्यानंतर अर्धा तास नुसता पाऊस पडला. भात, गोळे, पाव, वडे. माशांनी थोडं खाल्लं, बरंच खाल्लं नाही. पाव फुगून तरंगत राहिले, भात खाली बसला, वड्यांचं तेल पसरून पाण्यावर रंगीत साय धरली. लोक हात जोडून वर गेले आणि पोटभर जेवले. एवढं नीट पार पडलेलं तेरावं गिरणगावात झालं नसेल, असं गंगुबाई म्हणाली.

चौदाव्या दिवशी रखमा उजाडताच तळ्यावर उतरली. लुगड्याचा काचा मारला, वासा घेतला. साठीची बाई, दौलत तासभर बडवायचा तिथे ती पाच मिनिटांत धापा टाकायला लागली. तरी थांबत थांबत नऊ वाजेपर्यंत बडवत राहिली. मग झोळीने पाव काढले, हाताला लागला तेवढा भात काढला. तळाशी बसलेला कसा काढणार? पाय ठेवला की खालून बुडबुडे यायचे आणि आंबट वास यायचा. आभाळ भरून आलं होतं, पाऊस नाही, वाऱ्याची झुळूक नाही. पाण्याचा रंग दुपारी बदलला. हिरव्याचं तपकिरी झालं. संध्याकाळी सीमा जबरदस्तीने तिला वर घेऊन आली. तिच्या तळहातांवरचे फोड फुटले होते, सीमाने हळद लावून फडकी बांधली. रखमा म्हणाली, उद्या सकाळी निलेशलाही उठव. सीमा बरं म्हणाली.

सकाळी उठवायची गरज पडली नाही. वासानेच चाळ जागी झाली.

तळं पांढरं दिसत होतं. मासे पोट वर करून काठाला लागले होते, एकाला एक चिकटून, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत थरच्या थर. हातभर लांबीचे रोहू, कटले. कित्येक तर दौलतने पिल्लं असताना डब्यातून आणून सोडलेले, तेव्हा निलेश शाळेत होता. त्यांची तोंडं अजून उघडीच होती. त्यांच्यामध्ये फुगलेले वडे.

गॅलरीत माणसं उभी राहिली. गंगुबाई म्हणाली, "मालकाच्या मागनं गेले गो," आणि पदर तोंडाला लावला. तो रडण्यासाठी लावला की वासासाठी, कोण जाणे.

निलेश, हितेंद्र आणि आणखी चौघं खाली धावले. पाणी तपासायला माणूस दहाला येणार होता. घमेली, पोती, सुपं, मिळेल ते घेऊन सगळे मासे उपसायला लागले. रखमा फडकी बांधलेल्या हातांनी दाताळं ओढत होती. मासा दाताळ्यात यायचा आणि पोट फाटून तेलकट पाणी बाहेर पडायचं. निलेशला दोनदा उलटी झाली. तोंड पुसून तो पुन्हा वाकला. पोती भरली, अजून भरली, आणि तरी तळाकडून नवे वर येतच होते. हितेंद्रचा पांढरा शर्ट खवल्यांनी भरला होता. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, असं कसं झालं, कालपरवा तर पोटभर जेवले.

रखमा दाताळं ओढत राहिली.

तपासणीला आला तो सौमित्र नावाचा तरुण मुलगा होता. पाठीला सॅक, हातात बाटल्यांची पेटी. नाकाला रुमाल लावावा की नाही अशा संकोचात तो पायरीवर उभा राहिला आणि शेवटी त्याने लावला नाही, हे रखमाने बघितलं. त्याने दोरीने बाटली सोडली, पाणी भरलं. एका यंत्राची तार पाण्यात धरली, आकडा बघितला, पुन्हा धरली. मग विचारलं, दौलत साहेब कुठे आहेत. गेल्या महिन्यात फोनवर बोललो होतो, त्यांनी तळ्यातून भरून पाठवलेल्या बाटलीतलं पाणी चांगलं निघालं होतं. इतकं, की ऑफिसात कुणाचा विश्वास बसेना. म्हणूनच तारीख लावून घेतली.

निलेशने खाली बघून सांगितलं, बाबा वारले.

सौमित्रने यंत्राची तार गुंडाळून सॅकमध्ये ठेवली. कागद गुडघ्यावर ठेवून तो भरायला बसला. मग रखमाकडे वळून हळूच म्हणाला, "आई, लिहावं लागेल. पाण्यात काय सोडता तुम्ही लोक? केमिकल? गटार?"

हितेंद्रचा चेहरा उतरला. चाळीस बिऱ्हाडं वरून ऐकत होती.

"जेवण," रखमा म्हणाली. "त्यांच्या तेराव्याचं जेवण."

मुलाने पेन उचललं, तसंच धरून ठेवलं. कागदावर जेवणासाठी रकाना नव्हता. त्याने काहीतरी लिहिलं आणि सही घेतली.

चार दिवसांत विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. बादलीत तळ दिसेना. बायका धुणं घेऊन यायच्या, बादली वर काढायच्या, नाकाशी धरायच्या आणि तशीच ओतून परत जायच्या. कुणी दौलतचं नाव काढत नव्हतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात चाळीच्या बोर्डावर कागद लागला. त्यात तळ्याला तळं म्हटलेलं नव्हतं, डबकं म्हटलं होतं. पाऊस लागायच्या आत भराव घालणार. निलेशने तो वाचला, घरी आला आणि आरशाच्या चौकटीतलं पत्र काढायला लागला. रखमाने त्याचा हात धरला. राहू दे म्हणाली.

भरावाचा पहिला ट्रक यायचा होता त्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली. कुणाला न सांगता खाली उतरली, काचा मारला, वासा घेतला आणि कमरेभर पाण्यात जाऊन बडवायला लागली. पाण्यात एक मासा नव्हता. वासा पडला की काळं पाणी उडायचं, वास उठायचा, आणि भिंतीवर आवाज आपटून परत यायचा. दौलतच्या वेळी हाच आवाज ऐकून चाळ उठायची आणि शिव्या घालायची. आजही उठली. दिवे लागले, माणसं कठड्याशी आली. शिवी कुणी घातली नाही. आई वर ये, असं निलेशला म्हणायचं होतं, पण सीमाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

हितेंद्र पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. तीन आठवड्यांत तो वाळला होता. मग म्हणाला, "वहिनी, कावळ्याला मी सांगितलं. माझ्यामुळे झालं."

रखमा थांबली. धाप खाली बसू दिली.

"तुम्हाला ते खरं वाटलं नव्हतं, भावोजी. मला ठाऊक होतं. पहिली मूठ मी घातली."

हितेंद्र खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. रखमाला रडू येत नव्हतं. तिला वाटलं, त्या दिवशी चटईवरून उठून एक वाक्य बोलले असते, तर चाळ काय म्हणाली असती? नवऱ्याच्या दिवसांत बाई कावळ्याला खोटं पाडते म्हणाली असती. वर्षभर म्हणाली असती, मग विसरली असती. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी ती गप्प बसली, आणि चोवीस वर्षांचं पाणी गेलं.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक मागे घेतानाची पिपाणी वाजायला लागली. हितेंद्रने डोळे पुसले, चपला काढल्या, पँट दुमडली आणि भिंतीला टेकवलेला दुसरा वासा घेऊन तो पाण्यात उतरला. त्याने वासा डोक्यावर उचलून दाणकन उभा आपटला.

"तसा नाही," रखमा म्हणाली. "आडवा मारा. वारा आत गेला पाहिजे."

त्याने वासा आडवा धरला. मग दोघं ते पाणी नीट बडवत राहिली, ट्रकवाला पायऱ्यांवर येऊन बाहेर निघा म्हणेपर्यंत.